गॅरेज रॉक : टिनाच्या शेडातलं हे संगीत आपल्या विदर्भात अजून कोण कोण ऐकतं?

वावरातला_आवाज

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढून राहिलो.

मी दारव्हा तालुक्यातला. कपाशी अन् तूर. काकाचा जुना फिएस्टा रेकॉर्ड प्लेयर माझ्याकडे आहे, सुटकेससारखा बंद होणारा. मागच्या हंगामात सोनिक्स या अमेरिकेतल्या जुन्या गॅरेज रॉक बँडची 'बूम' ही एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, मागवली. मूळ १९६६ ची, माझी अर्थातच नव्यानं छापलेली. पार्सल आलं तेव्हा घरात कापूस भरलेला होता. ज्यांच्या घरी कापूस भरतात त्यांना सांगायला नको. पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत एक माणूस जाईल एवढीच वाट. त्या वाटेतच प्लेयर ठेवला अन् सुई टेकवली. आवाज असा, जसं कोणी तोंडावर गोधडी दाबून ओरडून राहिलं. ड्रमचा ठोका जागच्या जागी मरे. एवढं नाव ऐकलेली रेकॉर्ड अशी कशी, म्हणून मन खट्टू झालं.

जानेवारीत कापूस विकला. गाडी गेली, खोली झाडून घेतली, कोपऱ्यात दोन-चार बोंडं तेवढी राहिली. संध्याकाळी रिकाम्या खोलीत तीच बाजू लावली. बाप्पा! त्यांचा गायक जेरी रोझली याची किंकाळी समोरच्या भिंतीवर आपटली, तिथून टिनावर गेली अन् टिनावरून माझ्या डोक्यात. आई चुलीपासून धावत आली, तिला वाटलं कोणाला विंचू चावला.

मग वाचता वाचता समजलं की या रेकॉर्डच्या वेळी त्या पोरांनी टकोमा या त्यांच्या शहरातल्या स्टुडिओच्या भिंतींवरचं आवाज शोषणारं अस्तर उपटून काढलं होतं. त्यांना खोली घुमायला पाहिजे होती. म्हणजे त्यांनी स्टुडिओतून जे काढलं, तेच माझ्या खोलीत खच्चून भरलेलं होतं! त्या दिवसापासून हे संगीत मला आपलं वाटते.

तर कोण कोण ऐकतं? कोणती रेकॉर्ड, कशावर, कोणत्या गावात? सांगा.

निंबोळी

दादा, मी वणीची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मला वाटायचं पूर्ण जिल्ह्यात मी एकटीच आहे!! माझी सुरुवात हाइव्ह्ज या बँडपासून झाली. ते स्वीडनमधल्या फागेर्स्टा नावाच्या लहानशा गावातले आहेत, पोलादाच्या कारखान्याचं गाव. आमच्याकडे कोळसा, त्यांच्याकडे पोलाद. २००० साली आलेली त्यांची 'वेनी विडी विशियस' मी एसटीत इअरफोन लावून इतक्यांदा ऐकली आहे की वणी ते यवतमाळ रस्त्यावरच्या कोणत्या वळणावर कोणतं गाणं येतं ते पाठ झालं आहे. रेकॉर्ड प्लेयर नाही माझ्याकडे. एक विचारू? याला गॅरेज का म्हणतात, खरंच गॅरेजमध्ये वाजवायचे का?

कोरडवाहू

बरेच जण खरोखर गॅरेजमध्येच वाजवत. अमेरिकेतल्या लहान शहरांतली शाळा-कॉलेजातली पोरं, १९६३ ते १९६७ हा मुख्य काळ. घरात आईबाप वाजवू देत नसत, मग गाडी बाहेर काढायची आणि तिच्या जागी ड्रम मांडायचे. एखादा सिंगल, म्हणजे बाजूला एकच गाणं असलेली लहान रेकॉर्ड, काढायचा, गावातल्या रेडिओवर वाजवून घ्यायचा, मग कोणी सैन्यात, कोणी नोकरीला. शेकडो बँड असे एका गाण्यानंतर विरून गेले. 'गॅरेज' हे नावही नंतरच रुळलं, तेव्हा ती पोरं स्वतःला नुसते रॉक अँड रोलवाले म्हणत.

विरून गेलेल्या या गाण्यांना जीवदान दिलं लेनी के या माणसानं. १९७२ मध्ये त्यानं इलेक्ट्रा कंपनीसाठी 'नगेट्स' नावाचा दोन एलपींचा संच केला. २७ गाणी. पुढे तोच पॅटी स्मिथ या गायिकेच्या बँडमध्ये गिटार वाजवायला लागला. मी मेहकरचा. १९९८ साली रायनो कंपनीनं त्याच संग्रहाचा चार सीडींचा मोठा संच काढला, ११८ गाण्यांचा. तो एका नातेवाइकाकडून मिळाला तेव्हा मी दोन महिने दुसरं काही ऐकलं नाही. आजही नवीन माणसाला मी हेच सांगतो की आधी मूळ २७ ऐक, क्रमानं ऐक, मध्ये सोडू नकोस. पहिलं गाणं इलेक्ट्रिक प्रून्सचं आहे. त्यातली सुरुवातीची गिटार भुंग्यासारखी गुणगुणत जवळ येते, ती टेप उलटी चालवून मिळालेली आहे.

सगळ्यांची आई म्हणजे किंग्समेन या बँडचं 'लुई लुई' हे गाणं. मूळ गाणं रिचर्ड बेरीचं, १९५७ चं. किंग्समेननी ते एप्रिल १९६३ मध्ये पोर्टलंडला रेकॉर्ड केलं, खर्च सुमारे ५० डॉलर. गायक जॅक इलीसाठी माइक वर टांगलेला, त्यामुळे त्याला मान वर करून ओरडावं लागत होतं, आणि दातांना तारा लावलेल्या. एक शब्द धड कळत नाही. लोकांना संशय आला की यात काही अश्लील आहे. अमेरिकेच्या एफबीआयनं चौकशी केली, रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगात लावून पाहिली आणि शेवटी निष्कर्ष काढला की शब्द समजतच नाहीत.

यात एक जागा मला फार प्रिय आहे. गिटारचा तुकडा संपतो आणि इली एक फेरी आधीच गायला सुरुवात करतो. एक शब्द तोंडातून जातो, चूक लक्षात येते, तो थांबतो, आणि ड्रमर ती रिकामी जागा ठोक्यांनी भरून काढतो. ती चूक तशीच ठेवली. पुढे हे गाणं शिकलेल्या कितीतरी बँडांनी ती चूकही गाण्याचाच भाग म्हणून शिकून घेतली.

खंजिरी_तिवसा

भजनात हे रोज होते. बुवा आधी उठला तर मृदंगवाला सांभाळून घेतेच. त्यालेच तर साथ म्हनते.

मी भजन मंडळात खंजिरी वाजवतो. आमचा तालुका राष्ट्रसंतांचा, मोझरी इथंच जवळ. खंजिरीवर हात लहानपणीच बसला. गॅरेज रॉक माझ्या भाच्यानं ऐकवलं अन् मी पहिले काय ओळखलं असेन तर खंजिरी! त्यांची ती टॅम्बोरीन म्हणजे आपल्या खंजिरीची बहीणच. गाण्यात दुसरं काही ऐकू येओ न येओ, झांजांचा तो 'छन्न' प्रत्येक ठोक्यावर हजर. भाऊ, ज्याच्यापाशी ड्रम घ्यायले पैसा नाही त्यानं खंजिरी घ्यावी अन् जोरात वाजवावी, हे तुकडोजी महाराजांनी गावोगावी दाखवून ठेवलं.

आर्वीची_लेक

धागा वाचून गलबलून आलं. माझ्या बाबांचा आर्वीला माइकसेटचा धंदा होता. लग्न, तेरवी, सप्ताह, प्रचार, सगळं. घरात खाटेखाली कर्णे, कपाटावर कर्णे. त्यामुळे मला फाटलेला आवाज वाईट कधी वाटलाच नाही, तो कार्यक्रमाचा आवाज वाटतो.

बाबा गेल्यावर शेडात त्यांचा जुना अहुजाचा अॅम्प्लिफायर आणि दोन कर्णे राहिले. भावानं कलकत्त्याची एक स्वस्त इलेक्ट्रिक गिटार आणली होती, ती एकदा सहज त्याच्या माइकच्या खोबणीत लावली. जे बाहेर आलं ते ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. तोच तो आवाज! कारण असं की माइकची खोबण अगदी बारीक सिग्नलसाठी बनवलेली असते, ती त्याला कितीतरी पट वाढवते. गिटारचा सिग्नल तिच्या मानानं दांडगा. तो आत मावत नाही, वरखाली कापला जातो, आणि कापलेला आवाज म्हणजेच फझ. वर कर्ण्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, मधला पट्टाच तेवढा पुढे फेकला जातो, म्हणून तो कानात सुईसारखा घुसतो.

करून पाहणाऱ्यांसाठी एक काळजीची गोष्ट. आवाज एकदम पूर्ण फिरवू नका. कर्ण्याच्या युनिटमधला पडदा फार पातळ असतो, गिटारच्या एका झटक्यात फाटतो. आमचा एक गेला. बाबा असते तर रागावले असते, पण पडदा बदलायलाही त्यांनीच शिकवलं होतं. चार स्क्रू, जुना काढा, आतली फट ब्रशनं साफ करा, नवा नीट मधोमध बसवा. फटीत लोखंडाचा एक कण राहिला तरी घरघर येते.

कोरडवाहू

ताई, तुम्ही जे केलं त्याचा इतिहास मोठा आहे. लिंक रे या गिटारवाल्यानं १९५८ च्या 'रंबल'साठी अॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली. त्या गाण्यात एकही शब्द नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी ते बंद केलं, पोरं मारामाऱ्या करतील म्हणून. मग १९६४ मध्ये किंक्स या ब्रिटिश बँडच्या गिटारवाल्या डेव्ह डेव्हिसनं लहानशा हिरव्या अॅम्पच्या पडद्यावर दाढीचं ब्लेड चालवलं. वय १७. 'यू रिअली गॉट मी' त्यातून आलं. सोनिक्सवाल्यांकडे तर 'द विच' या गाण्याच्या वेळी अख्ख्या ड्रमसेटला एकच माइक होता. चांगलं सामान असतं तर यातलं काही झालं नसतं.

मात्र एक मत मांडतो. २००१ नंतर न्यूयॉर्कच्या स्ट्रोक्ससारख्यांना गॅरेज म्हणू लागले, ते मला पटत नाही. गाणी चांगली आहेत, पण तो फाटकेपणा मुद्दाम शिवून घेतलेला वाटतो.

निंबोळी

काका, स्ट्रोक्सबद्दल तुमचं म्हणणं राहू द्या, पण सगळ्यांना एका पोत्यात भरू नका ना. व्हाइट स्ट्राइप्स बघा. डेट्रॉइटचे दोघंच, गिटार आणि ड्रम. 'एलिफंट' (२००३) बहुतेक लंडनच्या टो रॅग स्टुडिओत केला, आठ ट्रॅकच्या टेपवर, कॉम्प्युटरला हात न लावता. आणि त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याची जी खर्जातली धून आहे, ती बास नाहीच! गिटारच आहे, पेडलनं एक सप्तक खाली उतरवलेली. दोनच माणसं असल्यावर तिसरं वाद्य कसं आणायचं हे त्यांनी शोधून काढलं. गरज खोटी होती असं कसं म्हणणार?

त्यांची ड्रमर मेग व्हाइट, तिला लोक 'तिला वाजवता येत नाही' म्हणतात तेव्हा मला रडू येतं. एक ठोका जास्त नाही, एक कमी नाही.

कोरडवाहू

मेगबद्दल शंभर टक्के मान्य. आणि 'एलिफंट' परत ऐकतो, पोरी. तू सांगितलंस म्हणून.

वडशाचा_ऑर्गन

जय झाडीपट्टी! मी नाटकांना ऑर्गन वाजवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री वेगळं गाव, नाटक रात्रभर. दिवसा झोप, त्यामुळे उत्तर उशिरा.

क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स यांचं '९६ टीअर्स' कोणी काढलंच नाही? ती मेक्सिकन शेतमजुरांच्या घरची पोरं होती. आईबाप मिशिगनच्या शेतांत कामाला आलेले. हे गाणं १९६६ मध्ये बे सिटीत एका घरात रेकॉर्ड झालं, आधी एका लहानशा स्थानिक कंपनीनं काढलं, मग कॅमिओ कंपनीनं घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ऑर्गन वाजवणारा फ्रँक रॉड्रिगेझ तेव्हा शाळकरी पोरगा. ऑर्गनचा तो तुकडा एवढा सोपा आहे की पेटी शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात देता येईल, आणि एवढा पक्का की पूर्ण गाणं त्याच्यावर उभं आहे. नाटकात खलनायक येतो तेव्हा मी तो हळूच वाजवतो. मागच्या रांगेतली माणसंसुद्धा सरसावून बसतात.

वावरातला_आवाज

वडसेकर भाऊ, काय बोललात! त्या गाण्याचा जुना, मिनिटाला ४५ फेरे घेणारा सिंगल मला मुंबईच्या चोरबाजारात मिळाला. त्याचीच गोष्ट सांगतो.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, ८० च्या वर वय, भजनात पेटी. मी सिंगल लावला तर ते ओट्यावरून आत आले अन् भिंतीला टेकून ऐकत बसले. दुसऱ्यांदा लाव म्हणाले. तिसऱ्यांदा लावला तर घरून पेटी घेऊन आले. ऑर्गनचा तुकडा त्यांनी दोन मिनिटांत बसवला, पण वाजवता वाजवता थांबले. म्हणाले, "हे काळी तीनात नाही अन् पांढरी पाचातही नाही. मधात लटकून राहिलं. तुझं यंत्र उतरलं आहे."

मी मोबाइलवर तेच गाणं लावून पाहिलं. स्वच्छ पांढरी पाच! म्हणजे माझा फिएस्टा कमी वेगात फिरून राहिला होता, किती महिन्यांपासून देव जाणे, अन् मला पत्ताच नाही. तबकडी उचलली तर आतलं रबरी चाक घासून गुळगुळीत झालेलं. स्पिरिटनं पुसलं, बारीक कानशीच्या कागदानं हलकंसं खरवडलं, मोटरच्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. परत लावलं. आजोबांनी पेटीवर पांढरी पाच दाबून धरली, गाणं तिच्यात येऊन बसलं. ते नुसते मान हलवत राहिले, डोळे बंद. संपल्यावर म्हणाले, "पोरगा चांगला वाजवते. कोणाचा आहे?" मी म्हटलं, मजुराचा. "वाटलंच," म्हणाले.

खंजिरी_तिवसा

अंगावर काटा आला भाऊ. आजोबाले माझा रामराम सांगा.

आर्वीची_लेक

रेकॉर्डचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. मे महिन्यात रेकॉर्ड मागवू नका. मी मंक्सची 'ब्लॅक मंक टाइम' मागवली होती. पार्सलवाल्यानं घरी कोणी नाही बघून टिनाच्या पडवीत ठेवून दिली. संध्याकाळी उघडली तर एलपी पापडासारखी वळलेली. विकणाऱ्यानं हात वर केले. दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायचा उपाय लोक सांगतात, मी केला, थोडी सरळ झाली, पण पहिलं गाणं अजूनही सुईला उचलून फेकतं. तेव्हापासून मागवायचं ते दिवाळीनंतर, आणि घरात रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, एकावर एक नाही, पश्चिमेच्या भिंतीजवळ तर मुळीच नाही.

उरलेली गाणी मात्र जीव ओवाळून टाकावा अशी. जर्मनीत तैनात असलेले पाच अमेरिकन सैनिक, डोक्याच्या मध्ये गोल भादरलेलं, अंगात काळे कपडे, गळ्यात दोर. १९६६ ची रेकॉर्ड. आणि त्यात विजेवरचा बँजो! तो सुराला वाजवतच नाहीत, कुऱ्हाडीसारखा ठोक्यावर मारतात.

वडशाचा_ऑर्गन

ताई, आपला बेंजो वेगळा बरं का. मिरवणुकीतला बेंजो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तो मूळचा जपानी. १९१२ च्या सुमाराला तिकडे निघाला, इकडे येऊन बुलबुलतरंग झाला, आपण त्याला पिकअप लावून कर्ण्यावर चढवला. पण 'विजेवर चढवून ठोक्यावर मारायचं' ही बुद्धी दोन्हीकडे सारखीच! नागपूरचं धुमाल, म्हणजे मिरवणुकीतलं वाद्यपथक, रस्त्यावर ऐकलं की मला नेहमी वाटतं, हे लोक आणि ती टकोमाची सोनिक्सची पोरं एका खोलीत बसले असते तर भाषेवाचून काही अडलं नसतं.

निंबोळी

भारतात तेव्हा असे बँड होते का पण?

कोरडवाहू

होते तर. सिम्ला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिम्ला बीट' ही बँडस्पर्धा भरायची. निवडक बँडांच्या दोन एलपी निघाल्या, १९७० ची आणि १९७१ ची. शिलाँगचे फेंटोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, आणखी कितीतरी. मूळ प्रती आता फार दुर्मीळ, पण परदेशात नव्यानं छापल्या गेल्या. आवाज कोरडा, गिटार भन्नाट फझ केलेली. या बँडांपैकी बहुतेकांच्या नावावर दोन-चार गाण्यांपलीकडे काही नाही. ऐकताना मला वाटतं की यांना अजून एक एलपी करू द्यायला हवी होती.

आणि सिनेमातलं म्हणाल तर 'गुमनाम' (१९६५) मधलं रफीसाहेबांचं ते मुखवट्यांच्या नाचाचं गाणं, शंकर-जयकिशन यांचं. पडद्यावर जो बँड दिसतो तो खराखुरा मुंबईचा बँड, टेड लायन्स अँड हिज कब्स. जगभरचे गॅरेजवाले त्या गाण्यावर जीव टाकतात. आपल्याकडे मात्र ते आईबाबांचं जुनं गाणं म्हणून बाजूला पडलं.

खंजिरी_तिवसा

भाच्यानं आज थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स ऐकवलं. टेक्सासवाले, १९६६. त्यात मागं सारखं गुडुक-गुडुक, गुडुक-गुडुक चालू असते. म्या म्हटलं पाण्याची मोटर हवा खाऊन राहिली का! तर भाचा म्हणे तो मडक्याचा आवाज आहे. टॉमी हॉल नावाचा मानूस तोंडानं आवाज काढे, मडकं तोंडाशी अन् माइक मडक्याच्या तोंडाशी. खरं आहे का?

कोरडवाहू

अगदी खरं. फुंकण्यापेक्षा ओठ आणि गळ्यानं तो आवाज काढायचा, मडकं तो घुमवायचं. पुढे रॉकी एरिक्सन जीव तोडून गातो आणि मागे ते मडकं.

खंजिरी_तिवसा

करून पाह्यलं. नवा माठ नाही चालत, आवाज पिऊन टाकते. जुना, पाणी मुरून मुरून बंद झालेला, अरुंद तोंडाचा पाहिजे. आमच्या घरी तीळ ठेवायचं एक लहान मडकं होतं, ते रिकामं केलं. तीन बोटं पाणी टाकलं तर आवाज वर चढते, काढलं तर खाली येते. पोरं जमा झाली, आता सोडून नाही राहिली.

आर्वीची_लेक

मग आता एक करू या का? आमचं शेड रिकामं आहे. वर टिन, खाली शहाबादी फरशी, तीन बाजूंनी विटांची भिंत. घुमण्याची हमी माझी. अॅम्प आहे, एक कर्णा चालू आहे, दुसऱ्याचा पडदा या आठवड्यात बसवते. गिटार भावाची. खंजिरीवाले दादा मोझरीच्या रस्त्यानं तासा-दीड तासात पोचतील. निंबोळी, तू आदल्या दिवशी ये आणि मुक्कामाला राहा, माझ्या आईला तसं सांगून ठेवते. तिच्याशी तुझ्या घरच्यांचं फोनवर बोलणं करून दे म्हणजे तुझ्या घरीही काळजी नको. गावात लाइट रविवारी दुपारनंतर टिकते असा अनुभव आहे, तरी जनरेटरवाल्याशी बोलून ठेवते.

निंबोळी

हो!!! मला गिटार येत नाही पण मेगएवढं ड्रम शिकते तोवर. ड्रम नाही, तर डफडं चालेल का?

खंजिरी_तिवसा

चालते ना. मी शिकवतो. मडकं घेऊन येतो.

वडशाचा_ऑर्गन

होळीनंतरचा कोणताही रविवार. त्याआधी रात्री माझ्या नाहीत. ऑर्गन सुमोत मावतो.

कोरडवाहू

मी वाजवत काही नाही. नगेट्सचा संच आणतो आणि शेवटच्या रांगेत बसतो.

वावरातला_आवाज

होळीनंतरचा दुसरा रविवार पक्का धरा. पहिल्या रविवारी आमच्याकडे हरभरा काढणी आहे.

आजोबांना विचारलं. येतो म्हणाले, पण एसटीनं नाही, पेटीला धक्के लागतात. मामाच्या गाडीचं पाहून राहिलो. ते पेटी मांडीवर घेऊन पुढं बसतील, मी मागं फिएस्टा गोधडीत गुंडाळून. सिंगल वेगळा घेतो, दोन पुठ्ठ्यांमध्ये, अन् सुई काढून खिशात. ताई, शेडात पश्चिमेकडून ऊन येत असेल तर प्लेयरची जागा आधीच सावलीत काढून ठेवा.